सुरवंटांचं लिंबू

बागकाम क्लबच्या कोपऱ्यातलं लिंबाचं झाड खाण्यासाठीच लावलं होतं. माणसांच्या नव्हे, सुरवंटांच्या. निवृत्त कंडक्टरबाई तिथे दर शनिवारी मुलांचा वर्ग घेत. प्रत्येक मुलाचा एकेक सुरवंट, आणि त्यांची बारशीही झालेली: ढेरपोट्या, राणीसाहेब, इंजिन. आज-उद्या ते कोश करणार, म्हणून मुलांचे पाय आठवडाभर जमिनीवर नव्हते.

या शनिवारी बाई फाटकातून शिरल्या आणि औषधाचा भपकारा नाकात गेला. झाडाखाली सुरवंट वाळक्या शेंगांसारखे पडलेले. शेजारी क्लबचे अध्यक्ष, अंगात पांढराशुभ्र सदरा, हातात फवारणीचा पंप.

"बाई, लक्ष कुठे असतं तुमचं? पानांची नुसती चाळण झाली होती. आज बागस्पर्धेचे परीक्षक यायचेत!"

"चाळण व्हायलाच लावलं होतं ते! एवढी ठसठशीत पाटी आहे. तुम्हीच फीत कापलीत."

"फीत कापली, पाटी कोण वाचतंय?" अध्यक्ष हसले. "सांगा मुलांना, फुलपाखरं झाली नि उडाली. पोरंच ती."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभा जन्म बसमध्ये काढलेला. बिनतिकीट माणूस त्या नुसत्या चेहऱ्यावरून हेरत. आणि आता पोरांच्या डोळ्यांत बघून थाप मारायची?

फाटक वाजलं. मुलं धावत आली, झाडाशी थबकली.

"उडाली हं तुमची फुलपाखरं!" अध्यक्ष लगबगीने म्हणाले. "भुर्रर्र!"

"कोश न करताच?" दोन वेण्यांवाली वाकली. "आजी... हे माझं इंजिन."

"हो गं बाळा." बाईंनी तिचा हात मागे घेतला. "हात नको लावूस. औषध मारलंय, पानं छान दिसावीत म्हणून. कुणी मारलं, ते आजोबा सांगतील."

पंप अजून आजोबांच्या हातातच होता.

बाईंनी बादली भरून त्यांच्यापुढे आदळली, वर हातमोजे ठेवले. "पान न् पान धुवायचं. पुन्हा फुलपाखरं यायला हवीत."

"आत्ता? अहो, परीक्षक..."

"बघू देत की! शैक्षणिक उपक्रम आहे आपला."

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. मुलं जागची हलेनात. शेवटी त्यांनी बाह्या सरसावल्या. परीक्षक आत आले तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावरून पाणी निथळत होतं, आणि माळी समजून कुणी अध्यक्षांना नमस्कारसुद्धा केला नाही.

"आजोबा," दोन वेण्यांवाली नाक पुसत म्हणाली, "खालूनपण धुवा. इंजिन खालूनच खायचं."