सहदेवच्या खिडकीतली पुंगळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. पुंगळी म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, गोळी उडून गेली की मागे उरतं ते. माझ्या बुडावर एका बंदुकीचं माप कोरलेलं आहे आणि अंग मात्र दुसरीच्या मापाचं. सासरी नाव बदललं तरी बाईच्या भांड्यांवर माहेरचंच नाव राहतं ना, तसंच.

हा दुसरा जन्म मला दिला बोरीवलीच्या सहदेव परबने. गिरणीत फिटर होता. ब्याऐंशीचा संप लागला नि माणूस घरी बसला. त्याच्या धाकूमामांनी जाताना आपली रायफल त्याला ठेवली, परवानाही रीतसर त्याच्या नावावर झाला. पण रायफल एक नंबरची हेकट. मामांनी हौसेने ती वेगळ्याच मापाची करून घेतलेली, त्यामुळे बाजारातलं एकही काडतूस तिला चालायचं नाही. मग सहदेव नेमबाजीच्या मैदानावरून आमच्यासारख्या टाकाऊ पुंगळ्या वेचून आणायचा, स्टोव्हवर आमच्या गळ्याला ताव द्यायचा आणि स्वतः घडवलेल्या साच्यात दाबून आम्हाला तिच्या मापाचं करायचा. ताव दिला की पितळ नरमतं, मुकाट वळतं. न देता दाबलं तर तडकतं.

माझा ताव राहिला. मला स्टोव्हवर धरणार एवढ्यात दारावर रॉकेलवाला आला. परत आल्यावर सहदेवला वाटलं, हिचं झालंय. दाबली मला. गळ्यापासून खांद्याखाली केसाएवढी चीर गेली. त्यात त्याची बायको सुगंधा हिने देवाच्या समयांबरोबर आम्हालाही चिंचेने लख्ख घासलं. त्या चकाकीत चीर कुणाला दिसणार? मला मात्र कळत होतं. उद्या सकाळी दारू भरून मला क्लबच्या स्पर्धेत नेतील, चाप ओढतील, आणि जळता वायू माझ्या चिरेतून मागे फिरून सहदेवच्या डोळ्यात जाईल. भला माणूस हो. मला वाचा असती तर घसा फाडून ओरडले असते.

तिन्हीसांजेला आम्ही खिडकीत ओळीने उभ्या होतो. समोर नॅशनल पार्कचं रान काळं पडत चाललेलं. वारा आला नि माझ्या तोंडावरून गेला. "ऊऽऽ."

सहदेवने मान वर केली.

"ओ देऊ नका हां," दिवा लावायला आलेली सुगंधा म्हणाली. "तिन्हीसांजेला तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नसते. आमच्या गावात पहिल्याच हाकेला उठून गेलेला माणूस परत नाही आला."

"अगं, वारा वाजतोय पुंगळीत. तुझं आपलं काहीतरीच."

मी जीव खाऊन पुन्हा वाजले. सुगंधाने सरळ येऊन खिडकी लावली, कडी घातली. वारा बंद झाला आणि मी मुकी झाले. म्हटलं, आता याची वाट लागली.

आणि हाक आली. आधी कुणीतरी खोकलं, मग म्हणालं, "सद्या."

आवाज आमच्या ओळीतूनच आला. सहदेवला सद्या म्हणणारे एकटे धाकूमामा, आणि त्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलेलं. सुगंधाच्या हातातली काडी बोटापर्यंत जळली तरी तिला कळलं नाही.

"तिसरी झाली," सहदेव हळू म्हणाला. मग म्हणाला, "ओ, मामा."

तो खिडकीशी आला. बाकीच्या उभ्या होत्या, मी एकटी आडवी पडले होते, कुणी ढकललं कोण जाणे. उचलताना त्याचं नख चिरेत अडकलं. दिव्यापुढे धरलं तर चिरेतून उजेड आरपार दिसला. त्याने मला ओळीतून काढून बाजूला ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं काम जरूर द्या. पण घाई करू नका, तिला नीट ताव द्या, आणि वापरण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. सहदेवचे डोळे शाबूत राहिले. त्याने मला देव्हाऱ्यात ठेवलंय, रोज हात जोडतो, आल्यागेल्याला सांगतो की हिने मला वाचवलं. मला लाज वाटते. पहिल्या दोन हाका माझ्या होत्या, तिसरी माझी नव्हती. देव्हाऱ्यात वारा येत नाही. तरीसुद्धा तिन्हीसांजेला माझ्या पोटात कुणीतरी खोकतं.