केदारची वाळू

केदार पांढरीपांडेला कंपनी पोलंडला पाठवणार होती. तेव्हा तो पुण्यात नोकरीला होता, नागपूरहून नुकताच आलेला, आणि व्रोत्सवाफ नावाच्या शहरातल्या क्लायंटकडे त्याला सहा महिने बसायचं होतं. त्याने तयारी जोरात केली. जाड जॅकेट घेतलं, पोलिशमध्ये ‘जेन दोब्री’ असा नमस्कार करायला शिकला, शहराचा नकाशा पाठ केला. मग क्लायंटने प्रोजेक्टच कॅन्सल केलं. पुढच्या वर्षी त्याला व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला पाठवलं आणि तो तिथलाच झाला. आश्लेषाशी लग्न झालं, इला झाली, टाउनहाउस झालं. घरामागे डेटा सेंटर्स उभी राहिली आणि त्यांची घरघर ऐकू येईनाशी होण्याइतकी सवयीची झाली. पोलंड मात्र राहूनच गेलं.

लॉकडाउनमध्ये एका रिकाम्या दुपारी त्याने सहज व्रोत्सवाफचा सॅटेलाइट नकाशा उघडला. शहराच्या उत्तरेला सरकत गेला तर बारीच नदीचं खोरं लागलं. तळीच तळी. शेकडो वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी कार्प मासे पाळायला खणलेली ती तळी वरून आरशाच्या तुकड्यांसारखी दिसत होती. त्यांच्या बांधांवरून, पाइनच्या जंगलातून बारीक पांढऱ्या रेघा गेल्या होत्या. केदार त्या रेघांच्या प्रेमात पडला.

खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवरून जाड टायरच्या सायकली चालवणाऱ्यांची एक वेबसाइट आहे, हे त्याला तेव्हाच कळलं. या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. लोक तिथे आपापले मार्ग टाकतात. केदारने माउसने एक गोल मार्ग आखला. एका खेड्यातून निघायचं, तळ्यांना वळसा घालायचा, जंगलातून परत यायचं. वर्णनात बगळे, करकोचे आणि पहाटेचं धुकं घातलं. प्रोफाइलला हेल्मेट घातलेला फोटो लावला. तो फोटो ऑफिसच्या पिकनिकला दोरीवरून लटकत जायच्या खेळातला होता, पण हेल्मेट ते हेल्मेट.

“बाबा, यू डोन्ट ईव्हन ओन अ बाइक,” इला म्हणाली.

“मी लहानपणी धंतोलीहून सीताबर्डीला सायकलनेच जायचो.”

“दॅट्स नॉट द पॉइंट.”

पण मार्ग चालला. पोलिश लोक त्यावरून गेले, मग जर्मन आले, चेक आले. त्यातल्या एका टप्प्याचं विशेष नाव झालं. केदारने वरून पाहून जो सर्वांत सुंदर, सर्वांत पांढरा रस्ता निवडला होता, तो पांढरा होता कारण ती निव्वळ वाळू होती. घोट्यापर्यंत. तिथे प्रत्येकाला सायकलवरून उतरून ती ढकलत न्यावी लागे. केदारने पहिली तक्रार वाचली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मार्ग बदलायला तो बसलाही होता. तेवढ्यात दुसऱ्याने लिहिलं, ‘हा टप्पा मुद्दाम ठेवलाय. माणसाने उतरावं, चालावं, जंगल ऐकावं, म्हणून.’ त्याला ढीगभर लाइक पडले. केदारने मार्ग बदलला नाही. विचारणाऱ्यांना तो एवढंच लिहू लागला, ‘प्रत्येकाने आपलं उत्तर शोधावं.’

पुढे त्या वाळूला ‘केदारची वाळू’ असंच नाव पडलं. टी-शर्ट निघाले. मध्यंतरी तिथली ग्रामपंचायत त्या रस्त्यावर डांबर टाकणार असल्याची बातमी आली तेव्हा जगभरच्या सायकलवाल्यांनी विरोधाचा अर्ज केला. पहिली सही केदारची होती. डांबर थांबलं. त्या दिवशी तो घरात जरा छाती काढून फिरला.

“एकदा जाऊन तरी ये ना,” आश्लेषा म्हणायची.

“देशाबाहेर पडलं की परत व्हिसा स्टॅम्पिंगची भानगड. ग्रीन कार्ड येऊ दे, मग बघू.”

ग्रीन कार्ड काही येत नव्हतं, त्यामुळे ही सबब पक्की होती.

गेल्या सप्टेंबरात वेबसाइटवर त्याला एक निरोप आला. डोरोता नावाच्या बाई, निवृत्त भूगोल शिक्षिका, मार्ग सुरू होतो त्याच खेड्यातल्या. मुलगा वॉशिंग्टनजवळ नोकरीला होता, त्याच्याकडे महिनाभर येणार होत्या. ‘तुम्हीही जवळच राहता असं दिसतं. एकदा बरोबर सायकल चालवू. मला तुम्हाला भेटायचंच आहे.’

केदारने तो निरोप आश्लेषाला दाखवला.

“नाही म्हणून सांग. गुडघा दुखतो म्हण.”

“तिथून इतक्या लांब येतायत यार त्या. बरं दिसेल का?”

खरं म्हणजे त्याला जायचंही होतं. इतक्या वर्षांत त्या गावचं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटणार होतं.

सायकल शेजारच्या राजसची मिळाली. राजसच्या गॅरेजमध्ये ती दोन वर्षं भिंतीला टांगलेली होती आणि तिचा प्राइस टॅगही निघालेला नव्हता. “जपून हं,” राजस म्हणाला, “मी अजून तिचं उद्घाटन केलेलं नाही.” केदारने आठवडाभर संध्याकाळी घरासमोरच्या गल्लीत फेऱ्या मारल्या. इला पायरीवर बसून सूचना द्यायची. गिअर कुठला कशाला, हे त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

भेटायची जागा डोरोताबाईंच्या मुलानेच सुचवली. अ‍ॅशबर्नपासून अर्ध्या तासावर, फिलोमाँटच्या बाजूला, मैलोनमैल खडीचे रस्ते आहेत म्हणे. केदार त्याच काउंटीत इतकी वर्षं राहत होता आणि हे त्याला पोलंडच्या बाईंकडून कळत होतं. तो तिथे पोचला तेव्हा दगडी कुंपणं, घोडे, ओकची झाडं आणि मधून गेलेला करडा रस्ता पाहून त्याला थोडी लाजच वाटली.

डोरोताबाई साठीच्या, ठेंगण्या, कणखर. मुलाची सायकल घेऊन आल्या होत्या. त्यांनी हात मिळवला, पण हसल्या नाहीत.

“पांदरी... पांद...” त्यांनी प्रयत्न केला.

“केदारच म्हणा, मॅडम.”

“चला तर, मिस्टर केदार.”

पहिल्या मैलातच चढ आला. बारीचचं खोरं सपाट आहे. केदारने वर्षानुवर्षं सपाट जमिनीचा अभ्यास केलेला. त्याने चुकीच्या बाजूचा गिअर दाबला, साखळी कडकडली आणि तो आडवा व्हायच्या आत उतरला. मग सायकल ढकलत वर गेला. माथ्यावर बाई पाणी पीत उभ्या होत्या.

“इथेही उतरता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तत्त्वाचे पक्के आहात.”

केदारला ती स्तुती वाटली. त्याने दम लागल्यामुळे नुसतीच मान हलवली.

अशी चढामागून चढ स्तुती होत गेली. शेवटी एका शेततळ्याच्या काठी बाईंनी सायकल कुंपणाला टेकवली आणि गवतावर बसकण मारली. केदारही बसला, बसला म्हणजे कोसळला. आश्लेषाने डब्यात थालीपीठं दिली होती, ती त्याने पुढे केली. बाईंनी एक खाल्लं, बोटं पुसली आणि म्हणाल्या, “आता मला सांगा. माझ्या रस्त्याशी तुमचं एवढं काय वैर आहे?”

“तुमच्या रस्त्याशी?”

“त्या वाळूच्या टोकाला शेवटचं घर माझं आहे. कोळशाचा ट्रक आत येत नाही, रुततो. हिवाळ्याचा कोळसा मी हातगाडीने आणते, पोती पोती करून. रस्ता पक्का करा म्हणून मी आणि माझी आई, दोघींनी पंचायतीचे उंबरे झिजवले. आई गेली. शेवटी पैसे मंजूर झाले. आणि तुम्ही जगभरातून सह्या गोळा केल्यात! वर तुमचं नाव!”

या बाई चाहत्या म्हणून नाही, भांडायला आल्या होत्या, हे केदारच्या आत्ता लक्षात आलं.

“मी रोज विचार करते,” बाई म्हणाल्या, “हा माणूस आमच्या गावात आला कधी? आमच्याकडे परकं कुत्रं आलं तरी चार दिवस बोलणं होतं. भारतीय माणूस सायकलवरून गेला आणि कुणी पाहिलं नाही?”

“मी आलोच नाही कधी,” केदार म्हणाला.

“काय?”

मग त्याने सगळं सांगितलं. व्रोत्सवाफचं हुकलेलं प्रोजेक्ट, सॅटेलाइट, पांढरी रेघ. ही सायकलही शेजाऱ्याची आहे, हेही सांगून टाकलं. बाई ऐकत होत्या. आधी त्यांचा चेहरा लाल झाला, मग खांदे हलायला लागले आणि मग त्या इतक्या हसल्या, की तळ्यातलं बदक उडालं.

“म्हणजे ती वाळू चूक होती?”

“वरून फार छान दिसत होती हो.”

“आणि मी इतकी वर्षं तुम्हाला कसलासा साधू समजत होते!”

केदारला कळेना, आपणही हसावं की नाही. तो म्हणाला, “मी आजच लिहितो, मॅडम. खरं काय ते सगळं लिहितो. डांबर टाका म्हणतो.”

बाईंचं हसू थांबलं. “तिथेच तर घोळ आहे. माझ्या धाकट्या बहिणीने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. लोक येतात ते त्या वाळूसाठीच. नाही तर आमच्याकडे काय आहे? मासे आणि डास. तुम्ही लिहिलंत तर तिचं नुकसान, नाही लिहिलंत तर माझं.”

“मग काय करू?”

“ते मी कशी सांगू? बहिणीशी मला रोज बोलायचं असतं.”

परतीच्या वाटेवर त्या पुढे निघून गेल्या नाहीत. चढ आला की उतरून त्याच्याबरोबर चालत होत्या. त्यांनीच त्याला गिअर कसे वापरायचे ते दाखवलं. एक लहानसा चढ त्याने न उतरता पार केला तेव्हा त्यांनी पोलिशमध्ये काहीतरी म्हणून टाळी वाजवली. शिक्षिकेची टाळी होती ती, मोजकी.

केदारने दोन दिवस विचार केला. आश्लेषा म्हणाली, “इतकी वर्षं खोटेपणा खपला, आता गप्प राहिलास तरी कोण विचारतंय?” पण त्याच्या डोळ्यांसमोरून हातगाडी हलेना. तिसऱ्या दिवशी त्याने वेबसाइटवर सरळ लिहिलं. ‘मी पोलंडला कधीच गेलेलो नाही. मार्ग मी घरी बसून आखला. वाळू ही माझी चूक आहे. तिथे लोक राहतात, त्यांना पक्का रस्ता हवाय. कृपा करून होऊ द्या.’

तासाभरात उत्तरं यायला लागली. ‘काय भन्नाट लिहिलंय!’ ‘केदारचा विनोद फक्त केदारलाच जमतो.’ एका जर्मन माणसाने लांबलचक लिहिलं, की प्रवासाला न जाता प्रवास करणं, हाच या मार्गाचा खरा अर्थ आहे आणि लेखकाने तो आज पहिल्यांदा उघड केला. केदारने परत लिहिलं, ‘मी गंभीरपणे सांगतोय.’ त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. टी-शर्टची नवी आवृत्ती निघाली. डोरोताबाईंच्या बहिणीच्या खोल्या पुढच्या उन्हाळ्यासाठी ऑक्टोबरातच भरल्या.

“दे आर नेव्हर गॉना बिलीव्ह यू,” इला म्हणाली. तिला बापाची पहिल्यांदाच थोडी कीव आली असावी, कारण तिने स्वतःहून त्याला चहा करून दिला.

मेमध्ये डोरोताबाईंचा फोन आला. पंचायतीने मार्ग काढला होता. बहिणीच्या पाहुण्यांवरचा कर बऱ्यापैकी जमला होता. त्यातून वाळूला हातही न लावता तिच्या शेजारून, झाडांमधून, डांबरी रस्ता टाकला. कोळशाचा ट्रक आता थेट दारात येत होता. फोन ठेवल्यावर त्यांनी एक फोटो पाठवला. डावीकडे वाळूतून रंगीबेरंगी कपड्यांतले दहा-बारा सायकलवाले घामाघूम होऊन सायकली ढकलत होते, चेहऱ्यांवर तृप्ती. उजवीकडे गुळगुळीत डांबरावरून डोरोताबाई बाजाराची पिशवी हँडलला अडकवून आरामात चालल्या होत्या.

आश्लेषाने फोटो मोठा करून पाहिला. “समज, ग्रीन कार्ड आलं आणि आपण गेलो. तू कुठल्या रस्त्याने जाशील?”

“डांबरी,” केदार म्हणाला. त्याला विचार करावा लागला नाही.

“आणि कुणी ओळखलं तर?”

“नाव राजस सांगेन,” तो म्हणाला, आणि सप्टेंबरपासून आपल्याकडेच राहिलेली सायकल परत द्यायला शेजारी गेला.