मीठ बघणारी

आमटीच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. मावशीने गॅस बारीक केला. झाकण गप्प झालं, तेव्हा कुठे दारावरची टकटक ऐकू आली. बोटाच्या एका पेराने केलेली, कुणाला त्रास नको अशी.

"मावशी, मीठ बघू का?"

मावशीचा हात कडीकडे गेला आणि कडीवरच थांबला.

शाळेचा स्वयंपाक करणारी म्हणून पोरं तिला मावशी म्हणायची. दाराबाहेर उभी होती ती टाचणी. अंगाने टाचणीएवढीच, आणि बोलायला लागली की टोचायचीसुद्धा, म्हणून पोरांनीच ठेवलेलं नाव. तिची आई उजाडायच्या आत कामाला जायची. घरी काही शिजलं तर शिजलं. सुट्टीनंतरच्या सकाळी पोरीचं तोंड एवढंसं झालेलं असायचं, पण मागायची म्हणून नाही. दारात उभी राहून नुसती पातेल्याकडे बघायची. एकदा मावशीच म्हणाली होती, "ये गं, जरा मीठ बघ. माझी मेलीची जीभ गेलीय कामातून."

तेव्हापासून सुट्टी संपली की टाचणी हटकून हजर. वाटीभर गरम आमटी-भात पोटात गेला की डोळे मिटून विचार करायची आणि निकाल द्यायची. "किंचित कमी आहे." नाहीतर, "आज जमलंय हं, मावशी!" जणू तिने मान डोलावल्याशिवाय शाळा जेवणारच नव्हती.

"उघडू नकोस हं," भांडी घासणारी आजी मागून म्हणाली. "मोठ्या बाईंनी काय बजावलंय? एकीचे लाड केले की दहा जणींच्या आया भांडायला येतात. आता परत सापडलीस तर घरी बसवतील. मग तुझ्या लेकीला इथे कोण ठेवून घेणार, मी?"

मावशीची लेक याच शाळेत, टाचणीच्याच वर्गात. आई कामाला म्हणून तिला जागा मिळाली होती.

जेवणाच्या घंटेआधी दार बंद, हा नवा नियम. आणि दुसरा, आधी मैदान, मग जेवण. दुसऱ्याचं मूळ मावशीच होती. पूर्वी जेवणानंतर खेळ असायचा. पोरं दोन घास घशाखाली ढकलून मैदानावर पळायची, अर्धी ताटं तशीच. एवढं अन्न टाकताना मावशीचा जीव तुटायचा. तिने मोठ्या बाईंकडे गाऱ्हाणं केलं. बाईंना पटलं. खेळाचे सर तर खूशच झाले. "आधी घाम गाळा, मग बघा कशी भूक लागते!" आणि खरंच, ताटं लख्ख होऊन परत यायला लागली. मावशीने घरी नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं, माझ्या सांगण्यावरून शाळेचा नियम बदलला म्हणून.

"मावशी?"

"आज नको गं बाई." मावशी दाराच्या फटीपाशी वाकली. "घंटा झाली की ये. पोटभर वाढते."

बाहेर चपला एकदा फरशीवर घासल्या.

"मला कुठे जेवायचं होतं," टाचणी म्हणाली. "मीठच बघायचं होतं."

मग चपलांचा आवाज लांब गेला.

मावशी चिरायला बसली. भाजी चिरून झाली, फोडणीला गेली, आणि मैदानावर सरांची शिट्टी वाजली. खिडकीतून पोरं गोल गोल धावताना दिसत होती. लेक आणि टाचणी हात धरून. मग लेकीचा हात सुटला. ती मागे वळून हसत काहीतरी ओरडली, चल ना, असंच काहीतरी. टाचणी थांबली होती. गुडघ्यांवर हात टेकून उभी. सर म्हणाले, "शाब्बास, एवढी फेरी राहिली!" ती पुन्हा निघाली. चार पावलं गेली असेल. पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

मावशी डाव हातात घेऊनच धावली. सरांनी पोरीला उचललं होतं. तिची मान त्यांच्या खांद्यावर लोळत होती आणि सर एकसारखे म्हणत होते, "ए बाळा, ए राजा, डोळे उघड." बाईंनी गाडी काढली. चपला मैदानातच राहिल्या.

घंटा मात्र वेळेवर झाली. बाकीची पोरं भुकेली होती, त्यांना वाढायलाच हवं होतं. मावशीने वाढलं. भाजी पार अळणी होती. कुणी तक्रार केली नाही. ताटं लख्ख होऊन आली.

दुपारी मोठ्या बाई एकट्याच परतल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. नियम झाल्यापासून पहिल्यांदाच त्या इकडे आल्या होत्या.

"अंगात काही नव्हतंच हो तिच्या," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, कालपासून पोटात अन्नाचा कण नसेल." मग चष्मा काढून हातात धरला. "आपल्याला कुणी सांगितलं नाही, मावशी."

आजीने नळ सोडला आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

टाचणीच्या दुखवट्यात शाळा एक दिवस बंद राहिली. उघडली तेव्हा नियम बदललेला होता. मैदानावर जाण्याआधी प्रत्येकाला एक केळं, आणि स्वयंपाकघराचं दार सकाळपासून उघडं. दाराशी केळ्यांच्या पाट्या येऊन पडल्या. पोरं रांगेने आली, मावशीने एकेकाच्या हातावर केळं ठेवलं. सर शिट्टी गळ्यात घालून बाजूला उभे होते, वाजवत नव्हते.

लेक रांगेत शेवटची होती. तिने केळं घेतलं, सोललं नाही. आईच्या कमरेला बिलगून तिने पातेल्याकडे पाहिलं. वाफ येत होती. ओट्याच्या काठावर टाचणीची वाटी पालथी होती, आजीने सवयीने घासून ठेवलेली.

"आई," लेकीने विचारलं, "आज मीठ कुणी बघितलं?"