शंखसरांची जळू

राष्ट्रीय संग्रहालयाच्या प्राणी विभागात जळवांवर संशोधन करणाऱ्या बाईंना सगळे जळूबाई म्हणत. विभागप्रमुखांची हयात शंखशिंपल्यांत गेलेली, म्हणून ते शंखसर. ‘शंख’ या शब्दाचा दुसरा अर्थही सगळ्यांना ठाऊक होता. तो सरांच्या मात्र कधी ध्यानात आला नव्हता.

दोघांचं बिनसलं ते खोलीवरून. विभागात खिडकी असलेली खोली एकच, आणि ती जळूबाईंची. जळवेचे डोळे टाचणीच्या टोकाएवढे, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे तर उजेड हवाच. एकदा बाई रजेवरून परतल्या, तर खोलीत शंखांची कपाटं.

“तळघरात ओल आहे हो,” सर म्हणाले. “शंखांवर पांढरा थर धरायला लागला. तात्पुरतं आहे, बाई.”

कपाटांमागोमाग सरांचं टेबल आलं, टेबलामागोमाग खुर्ची, आणि खुर्चीवर सर. बाईंचं बिऱ्हाड बोळात गेलं, स्पिरिटच्या बरण्यांच्या कोठीला लागून. दुपारपर्यंत तिथे डोकं गरगरायला लागे. तात्पुरतं म्हणता म्हणता वर्षं उलटली. बाई तक्रार करायला गेल्या की सर आपुलकीने चहा मागवत आणि गोगलगायींविषयी बोलत.

अशात बाई एका दलदलीत जळवा गोळा करायला गेल्या. आणलेल्यांपैकी एक जात कुठल्याच पुस्तकात सापडेना. बाईंनी दुसऱ्या संग्रहालयांतून जुने नमुने मागवले, अंगावरच्या वळ्या मोजल्या, चीर देऊन आतडी पाहिली; आत रक्त नव्हतं, अख्खी गिळलेली गांडुळं होती. शंका उरली नाही, जात नवी होती. आणि नव्या जातीचं नाव ठेवायचा मान ती शोधणाऱ्याचा. जळूबाईंना नाव तर ठेवायचं होतंच, नावंही ठेवायची होती. त्यांनी शंखसरांच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावलं आणि ते जळवेला देऊन टाकलं.

वर्णन त्यांनी रात्री जेवताना नवऱ्याला वाचून दाखवलं. “‘अंग आखूड व जाड, रंग मळकट. हालचाल अत्यंत मंद. दुसऱ्या जळवा राहत असलेल्या दगडाखाली शिरून त्यांना बाहेर ढकलते. एकदा जागा धरली की सोडत नाही.’”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. “अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? बोळातली जागाही जाईल!”

“यातलं एक अक्षर खोटं असेल तर सांग. काचेच्या भांड्यात ठेवून महिनाभर बघतेय मी तिला.”

नवऱ्याने घास तोंडात घातला आणि भात वाढून घेतला.

निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला, आणि बाईंची इतक्या दिवसांची मौज संपली. विभागात कुजबुज सुरू झाली. बरण्यांत स्पिरिट भरणारा मदतनीस बाईंकडे बघून उगाचच खोकला. तेवढ्यात सर निबंधाचा कागद हातात धरून बोळातून येताना दिसले. त्यांचे डोळे लाल होते. बाई उभ्या राहिल्या.

“सर, मी काय म्हणते—”

“बसा, बाई, बसा.” सरांचा आवाज कापत होता. “शंखांच्या कितीतरी जातींना मी नावं दिली. संचालकांचं दिलं, बायकोचं दिलं, बायकोच्या दाताच्या डॉक्टरचंसुद्धा दिलं. माझं नाव आजवर कुणी कशाला दिलं नाही. स्वतःचं स्वतः देणं शोभत नाही. आणि तुम्ही... मी तुम्हाला बोळात बसवलं, तरी तुम्ही...”

त्यांनी रुमाल काढला. बाईंना भूमी दुभंगेल तर बरं, असं झालं.

“वर्णन वाचलंत, सर?” त्यांनी चाचरत विचारलं.

“वाचलं की! केवढं बारकाईचं काम! उद्या आईला घेऊन येतो. तिला बघायचीय.”

दुसऱ्या दिवशी सरांची आई चाकाच्या खुर्चीतून आली. नव्वदीकडे झुकलेली, एवढीशी, पण नजर सुईसारखी. सरांनी जळवेचं भांडं खास खिडकीपाशी नेऊन ठेवलं होतं. सगळा विभाग काहीतरी कामाचं निमित्त काढून दारात जमला.

आईने भांड्यात निरखून पाहिलं. जळू दगडाखाली पसरली होती, आणि दुसऱ्या दोन जळवा काचेला चिकटून बाहेर ताटकळत होत्या.

“काय लिहिलंय हिच्याबद्दल? वाच,” आई म्हणाली.

सरांनी मोठ्या अभिमानाने वाचलं. मळकट रंगापाशी आईने मान डोलावली. दगडापाशी तिच्या ओठांच्या कडा हलल्या. वाचन संपल्यावर ती म्हणाली, “हुबेहूब.”

“काय हुबेहूब, आई?”

“अरे, तू धाकट्याच्या अंथरुणात शिरायचास आणि त्याला लाथा मारून खाली ढकलायचास. सकाळी तो बिचारा फरशीवर. आणि तुला उठवायला गेलं, तर तू पलंगाच्या दांडीला धरून बसायचास.”

दारातली सगळी मंडळी एकाएकी छताकडे पाहू लागली. सरांनी जळवेकडे पाहिलं, मग कपाटांकडे, मग जळूबाईंकडे. त्यांचे कान हळूहळू तांबडे झाले.

“बाई,” ते शेवटी म्हणाले, “हे तुम्ही मुद्दाम...”

“सर, ते निरीक्षण आहे.” बाईंनी भांड्याकडे बोट दाखवलं. “आणि मुद्दामही आहे.”

सरांनी कागदावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग सरांनी विचारलं, “पण नाव राहील ना माझंच? नंतर राग आला म्हणून बदलता नाही ना येत?”

“नाही, सर. नियमच आहे. कायमचं.”

“मग असू दे,” सर म्हणाले, आणि आधी त्यांचं पोट हललं, मग खांदे. आईने तर बाईंना टाळीच दिली. हसता हसता बाईंच्याही डोळ्यांतून पाणी आलं, निम्मं सुटकेचं.

त्या आठवड्यात निम्मी कपाटं बोळात गेली. सगळी गेली नाहीत. सर शेवटी सर होते. आता खिडकीपाशी दोन टेबलं आहेत आणि पडदा किती उघडायचा यावरून रोज वाद होतो. पाहुणे आले की सर त्यांना आधी जळू दाखवतात आणि वर्णन एकही शब्द न गाळता वाचतात.

आईचा मात्र अधूनमधून बाईंना फोन येतो. परवाही आला.

“पोरी, नवीन एखादी सापडली का गं?”

“अजून नाही, आई. का?”

“माझ्या धाकट्या बहिणीचं नाव द्यायचंय. फक्त बघ हं, हिच्यासारखी गांडुळं गिळणारी नको.” आईने आवाज खाली आणला. “रक्त पिणारी बघ.”