थेंब पडलाच पाहिजे

थोरल्या दिरांच्या हाताखाली नोकरी करणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रसायनांच्या कारखान्यातली देखभाल इंजिनिअर गेला महिनाभर तो खात होती. तापलेलं सॉल्व्हंट, म्हणजे पटकन पेट घेणारं द्रावक, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत ढकलायला पंप हवा होता. दिरांनी, म्हणजे ऑफिसातल्या साहेबांनी, गोदामात पडून असलेला जुन्या घडणीचा पंप ठरवून टाकला होता, आणि त्यांनी ठरवलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"साहेब, याचा दांडा बाहेर येतो तिथे दोरीचं पॅकिंग आहे. ते गळणार."

"गळलंच पाहिजे! थेंब पडतो म्हणून तर दांडा थंड राहतो. उभा जन्म पंपांत गेलाय माझा, मॅडम."

"पाण्याच्या पंपांत गेलाय. पाण्याचा थेंब फरशीवर पडतो. सॉल्व्हंटच्या थेंबाची पडता पडताच वाफ होते, आणि तिला एक ठिणगी पुरते."

"मग पॅकिंग आवळा."

"आवळलं की दांडा तापतो. म्हणजे आगीची सोय आपणच करायची!"

तिने पुन्हा एकदा चहूबाजूंनी बंद अशा नव्या पंपाचं चित्र पुढे सरकवलं. यात दांडा बाहेर येतच नाही. बाहेरचं चुंबक आतल्या चुंबकाला फिरवतं. गळायला जागाच नाही.

"थेंबच नाही, तर पंप बरा आहे हे कळायचं कसं?"

तिला टेबलावर कपाळ आपटावंसं वाटलं. हा नवा पंप कोरडा चालला तर बिघडतो, म्हणून मोटार आपोआप थांबवणारं यंत्र लावायचं, हे तिनेच आधी सांगितलं होतं. साहेबांनी त्यातलं 'बिघडतो' तेवढं धरून ठेवलं होतं. खरं बोलावं तर ही गत! शिवाय नवा पंप यायला तीन महिने. "तोवर काय हातावर हात धरून बसायचं?" साहेबांनी विचारलं.

"भाऊजी," ती म्हणाली. ऑफिसात हा शब्द तिने आजवर कधी उच्चारला नव्हता. "त्या टाकीपाशी पाळीला कोण उभं असतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. तिचा नवरा. त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला त्यांनी कडेवर खेळवलं होतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला कळत नाही का? त्याला उद्यापासून दुसऱ्या विभागात घेतो. मग तर झालं?"

तिला एकदम हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

"त्याच्या जागी कोण?"

"येईल कुणीतरी."

"त्या कुणीतरीचं नाव सांगा, भाऊजी. त्याच्या थोरल्या भावाला मीच जाऊन सांगते, की आम्ही आमचा माणूस बाजूला काढला आणि तुमचा उभा केला."

साहेबांनी चित्राचा कागद ओढून त्यावर खसकन सही केली.

"नवा पंप येईपर्यंत ती टाकी बंद राहू दे," ते खेकसले. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. आता आवाज घरातला होता.

"अगं, मी त्याला तिथून हलवणार होतो, हे धाकट्याला सांगू नकोस."