गालिच्याखालची कुजबुज

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. बटाट्यांचा नव्हे आणि सुक्या माशांचाही नव्हे, जरी आमच्या नॉर्वेतल्या बंदरात खोका म्हटलं की लोकांना हे दोनच सुचतात. मी प्रॉम्प्टरचा खोका. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, जमिनीत एक खड्डा होता आणि त्यावर मी टोपीसारखा बसलेला असे. पाठ प्रेक्षकांकडे, तोंड नटांकडे. माझ्या पोटात स्टुलावर बसून गुरीन मावशी नाटकातलं प्रत्येक वाक्य नटांच्या आधी हळूच म्हणायची.

हो, प्रत्येक! दर आठवड्याला नवं नाटक. पाठ करायला सवड कुणाला? म्हणून राजा असो की भिकारी, बोलायची वेळ आली की तो माझ्यासमोर येऊन, छातीवर हात ठेवून उभा राहायचा. लोक म्हणत, काय हा रुबाब! खरं म्हणजे त्याला ऐकू यायला हवं असायचं, बस्स.

माझ्या लहानपणी रंगमंचावर राजेच राजे होते आणि ते पद्यातच बोलत. मग राजे गेले, दरोडेखोर आले, अनाथ मुली आल्या, पत्रा हलवून केलेला गडगडाट आला. दारं कापडावर रंगवलेली, कॉफीचे पेले लाकडाचे. आमचा मुख्य नट ओलुफ क्वाम्मे शेवटच्या अंकात मरायचा. टाळ्या पडल्या की उठून, लवून नमस्कार करून पुन्हा मरायचा. माझा मात्र जीव टांगणीला! पुढच्या दिव्यांची ज्योत त्याच्या झग्याला लागली तर? काल शिंकणारी आमची नटी दोर्थेआ आज पातळ वस्त्रात वारा खात उभी, तिला ताप भरला तर? खोक्याला हात नसतात, मित्रांनो, काळजी मात्र असते.

आणि मग राजधानीतून सिग्वर्ट लीएन आला. तरणाबांड दिग्दर्शक, डोक्यात नवं नाटक. त्याने खरं दार बसवलं, कडीसकट. खरी कॉफी मागवली. मग माझ्यापाशी येऊन कमरेवर हात ठेवले.

"हे काय आहे?"

"मी आहे," आतून गुरीन मावशी म्हणाली.

"मावशी, राग मानू नका. पण हा एका व्यापाऱ्याच्या घरातला दिवाणखाना आहे. कुणाच्या दिवाणखान्यात जमिनीतून बाई डोकं काढते का?"

"माझ्या जावेकडे तळघराचं दार तसंच आहे."

सिग्वर्टला हसू आलं, पण तो बधला नाही. प्रेक्षकांच्या बाजूलाही एक भिंत आहे असं समजून वागायचं, पाठ वळवून बसायचं, माणसासारखं हळू बोलायचं, असा त्याचा हुकूम होता. मला काढून कडेला पडद्याआड ठेवलं आणि खड्ड्यावर फळ्या टाकून जाड गालिचा अंथरला. पहिला खेळ प्रॉम्प्टरशिवाय पार पडला, की सकाळी सुतार येऊन खड्डा बुजवणार आणि मावशीला कायमची रजा.

मावशी विधवा. तिची चूल त्या खड्ड्यावर पेटत होती.

क्वाम्मेने खूप प्रयत्न केला. दाढी करताना पाठ करी, बाजारात हेरिंग मासे घेताना पाठ करी. कोळीण विचारी, "काय हवं?" आणि हा म्हणे, "मला क्षमा कर, मार्गिट!" शेवटी तो मावशीच्या पाया पडायचाच काय तो बाकी राहिला. "ये गं गुपचूप. गालिच्याखाली बस. तीस वर्षं तुझ्याच जिभेने बोललोय."

"माझा दमा वाढला तर औषध तू आणशील?"

"आणीन गं बाई, आणीन!"

त्या संध्याकाळी मावशी गालिच्याखाली धूळ खात बसली. नाटकात क्वाम्मे एक कर्जात बुडालेला व्यापारी. त्याने बायकोला न सांगता राहतं घर विकलेलं. मार्गिट झालेली दोर्थेआ विचारते, "तू काही लपवतोयस का?" आणि क्वाम्मेची पाटी कोरी!

मावशी कुजबुजली. जाड गालिच्यातून काय ऐकू येणार? तो एक पाऊल पुढे आला. मग दोन. मग मित्रांनो, तो एवढा थोरला माणूस गुडघ्यांवर बसला आणि त्याने गालिच्याला कान लावला.

"मोठ्याने!" तो पुटपुटला.

"घर विकलं, घर!" मावशी खालून दबक्या आवाजात खेकसली आणि शालीत शिंकली.

"घर... विकलं," क्वाम्मे जमिनीला गाल टेकवून म्हणाला.

तिसऱ्या रांगेत एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "बिचारा! घराच्या जमिनीला कसा बिलगलाय बघा!" त्या रात्री कुणी मध्येच टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे रडत घरी गेले.

सकाळी सिग्वर्टने क्वाम्मेला मिठीच मारली. "असा अभिनय मी राजधानीतसुद्धा पाहिला नाही! आणि तोही प्रॉम्प्टरशिवाय!" मागे सुतार करवत घेऊन उभा. मावशी कोपऱ्यात शाल आवळत.

टाळ्यांसाठी दोन-दोनदा मरणारा माणूस हा. आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी हातात होती. फक्त गप्प राहायचं होतं. मला वाटलं, संपलं आपलं.

क्वाम्मेने घसा खाकरला. "तो अभिनय नव्हता, बाबा. मला वाक्य ऐकू येत नव्हतं. खाली मावशी होती."

सिग्वर्ट मटकन खुर्चीत बसला. मग म्हणाला, "उद्या ती खाली नसली, तर तसाच कान लावशील?"

"रिकाम्या खड्ड्याला कोण कान लावतं?"

सिग्वर्टने सुताराला परत पाठवलं. म्हणाला, "जाता जाता पातळ गालिचा कुठे मिळतो तेवढं विचारून ये."

ते नाटक खूप चाललं. पुढे क्वाम्मेला अक्षर न् अक्षर पाठ झालं, तरी तो रोज कान लावायचा, आणि मावशी वाक्याऐवजी सांगायची, "तुझा मोजा फाटलाय, उद्या शिवायला घेऊन ये." लोक रडत.

मग एका हिवाळ्यात मावशी गेली. क्वाम्मे त्या संध्याकाळीही गुडघ्यांवर बसला. खड्डा रिकामा. मी काय करणार, लाकूड! पडद्याआडून जिवाच्या आकांताने एकदा करकरलो. "ऐकलं," तो हळूच म्हणाला, आणि पुढचं वाक्य बोलला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी न दिसता तुमची वाक्यं सांभाळत असेल. पाठ झाली म्हणून तिला विसरू नका. ती आहे तोवर, काम नसलं तरी, रोज एकदा कान लावत जा.