सैल वाळू

श्वास रोखून तिनं कागदाच्या नरसाळ्यातून पितळी कड्यात वाळू सोडली, अगदी तळाशी टोक धरून, म्हणजे दाणा दाण्यावर आपटायला नको.

ठोकून भरलेल्या वाळूची मोजणी झाली होती, वर वजन ठेवलेल्या वाळूचीही. दाणे जितके जवळ, तितकी वाळू पाणी धरून बसते, हे दोन्हींत स्पष्ट दिसलं होतं. उरली होती ही सैल भरलेली, आणि हिनंच छळ मांडला होता. दोनदा कुठल्याशा धक्क्यानं ती खाली बसली आणि घट्ट वाळूसारखी पाणी सोडेना. सोमवारी मोजणीचं यंत्र दुसऱ्या विभागात जाणार होतं. ही खेप फसली की प्रबंध लटकलाच.

धक्के प्रयोगशाळेशेजारच्या सुतारकामाच्या खोलीतून यायचे. मागच्या आठवड्यात ती तणतणत तिथं गेली होती.

"मामा, तुम्ही दार आपटता आणि माझी सगळी मेहनत पाण्यात जाते!"

"पाण्यात का वाळूत, वाळूताई?" म्हातारे सुतारमामा म्हणाले. खोलीतले सगळे खो खो हसले आणि ती तोंड फुगवून परतली.

या खेपेला मात्र वाळू तसूभरही बसली नाही. तळहातावरच्या फोडासारखी तिनं ती जपली. शनिवारी दुपारी शेवटचा आकडा घेतला. सैल वाळूनं सोडायला हवं तेवढं पाणी बिनतक्रार सोडलं होतं. अखेर आपला हात बसला म्हणायचा! स्वतःचीच पाठ थोपटत ती चहाला निघाली.

जिन्यापाशी चपलाबुटांची ओळ लागली होती. सुतारखोलीच्या दाराच्या चौकटीत गोणपाट कोंबलेलं होतं. आणि समोरून मामा नि त्यांचा जोडीदार खांद्यावर जाडजूड फळी घेऊन अनवाणी येत होते, झोपलेलं मूल आत न्यावं तसे.

तिला पाहून मामा जागीच थबकले.

"झालं का गं?" ते कुजबुजले.

तिनं मान डोलावली.

"मग ठेवू का ही हळूच खाली? खांदा गेला माझा."

"हळूच कशाला, मामा?" ती भिंतीकडे सरकली. "टाका की!"

मामांनी जोडीदाराकडे पाहिलं. फळी धाडकन पडली आणि प्रयोगशाळेतली सगळी काच खणखणली.